लहूच्या पाळीची पाटी

गिरगावातल्या फणसवाडीत त्या काळी मासळी खाणारी घरं मोजकीच, आणि त्या मोजक्या घरांवर काशीबाईचा वचक भारी. माहीमच्या कोळीवाड्यातली ही बाई पाटी डोक्यावर घेऊन बोळात शिरली की तिची हाक आधी तिसऱ्या मजल्यावर पोचायची आणि ती स्वतः मागाहून. भाव एकदा सांगितला की सांगितला. घासाघीस करणारीला ती तोंडावर म्हणायची, "बाय, घ्यायची तर घे, नाय तर वाट सोड." एवढं ऐकूनही बायका दुसऱ्या दिवशी तिच्याच पाटीभोवती कोंडाळं करून बसायच्या. शिळी मासळी ताजी म्हणून तिने कधी कोणाच्या गळ्यात मारली नव्हती, हे त्याचं कारण.

ही बाई हायकोर्टात वादी आहे, हे मात्र साऱ्या फणसवाडीत एकाच घराला ठाऊक होतं. ते घर हेरंबचं. हेरंब फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होता. त्याची बायको कालिंदी काशीबाईकडून मासळी घ्यायची, आणि तिच्याच ओट्यावर बसून काशीबाईने एक दिवस विचारलं होतं, "भाऊ, तू कोर्टात जातोस ना रोज? मना सांग, कागद नसला तर माणूस खोटा ठरतो काय?"

गोष्ट अशी होती. काशीबाईचा नवरा लहू आणि शेजारचा धर्मा, दोघे बरोबरीचे, एकाच ओटीवर वाढलेले. दोघांनी मिळून एक होडी बांधली. सागाचं लाकूड लहूचं, शीड आणि जाळी धर्माची, सुताराची मजुरी निम्मी निम्मी. वाड्यातल्या देवीपुढे दोघांनी एका नारळाला हात लावला आणि झाली भागीदारी. रोजच्या मासळीतून खलाशांचे वाटे आधी निघायचे, उरेल त्याचे दोन सारखे ढीग. एक ढीग काशीबाई उचलायची, एक धर्माची बायको. बारा वर्षं हे असंच चाललं, आणि बारा वर्षांत कागदाचा एक चिटोरासुद्धा झाला नाही. कशाला होईल? दोघांनाही लिहिता येत नव्हतं, आणि एकमेकांवर लिहून घेण्याइतका अविश्वासही नव्हता.

एकच कागद होता, तो बंदरकचेरीतला. होडी नवी असताना तिची नोंद करायला दोघे गेले. लहूला कचेऱ्यांची धास्ती. टेबलामागचा माणूस वर बघून बोलला की याच्या तोंडाला कोरड पडायची. "तू जा रे आत, मी होडीपाशी थांबतो," म्हणाला. आतल्या कारकुनाने विचारलं, मालकाचं नाव काय. धर्माने आपलं सांगितलं. त्यात त्या दिवशी काही काळंबेरं नव्हतं, हे काशीबाईसुद्धा शेवटपर्यंत म्हणायची.

अठराशे ब्याण्णवच्या भादव्यात लहू तीन दिवसांच्या तापात गेला. लेकरू ना बाळ, मागे एकटी काशीबाई. पहिले दोन महिने तिचा ढीग नेमाने येत राहिला. मग तो लहान होत गेला. मग एक दिवस किनाऱ्यावर एकच ढीग पडला. काशीबाईने विचारलं तेव्हा धर्मा जाळं झटकत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, होडी माझे नावावर हाय. लहू माझे होडीवर खलाशी होता. खलाशी गेला, त्याचा वाटा गेला."

धर्मा काही राक्षस नव्हता हो. त्याचे दोन मुलगे हाताशी आले होते, एका होडीत दोन बिऱ्हाडांचं भागेना, आणि बंदरकचेरीतला कागद त्याच्या ट्रंकेत पडून होता. हाव सुटायला माणसाला आणखी काय लागतं? पण त्याच्या त्या एका शब्दाने काशीबाईच्या काळजाला घर पडलं. खलाशी! ज्या लहूने आपल्या बापाने ठेवलेलं लाकूड त्या होडीत घातलं, तो खलाशी? अर्धी होडी गेली असती तरी ती बाई पाटी डोक्यावर घेऊन जगली असती. पण लहू मालक म्हणून जगला आणि नोकर म्हणून मेला, हे तिला सोसवेना. अर्धी होडी तिला हवी होतीच, आणि त्याहून लहूचं मालकपण हवं होतं.

जातीच्या पंचांनी हात वर केले. धर्माचं वाड्यात वजन होतं. मग काशीबाई कालिंदीच्या त्या ओट्यावर येऊन बसली, आणि हेरंबने तिला कायदा सांगितला: "काशीबाई, भागीदारीला कागद लागत नाही. तोंडचा शब्दसुद्धा कायदा मानतो. पण कागद नसला की साक्षीदार लागतात. तुझ्याकडून कोण बोलेल?"

"सगला वाडा जाणतो."

"जाणणारे नकोत, बोलणारे हवेत."

इथेच घोडं अडलं. होडीवरचे खलाशी आता धर्माचं अन्न खात होते. सुतार मरून गेला होता. शेजारीपाजारी घरात काशीबाईची बाजू घ्यायचे आणि दारात आले की तोंड फिरवायचे. तरीही तिने गळ्यातली सोन्याची माळ मोडली आणि दावा घातला. हेरंबने आपल्या साहेबाची मनधरणी करून फी कमी करून घेतली, शरच्चंद्र नावाचे बॅरिस्टर ठरले, आणि तारखांवर तारखा पडत दोन वर्षं निघून गेली.

या दोन वर्षांत काशीबाई माहीमच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या होड्यांची मासळी विकत घ्यायची आणि गिरगावात आणून विकायची. ज्या किनाऱ्यावर आपला ढीग उचलायचा तिथेच भाव करून घ्यायचा, आणि तोही धर्माची बायको बघत असताना! दुसरी एखादी बाजार बदलून बसली असती. काशीबाई मान ताठ ठेवून त्याच किनाऱ्यावर रोज उतरत होती.

आणि आता ती पाटी. झालं असं की एक दिवस कालिंदीने नवऱ्यापाशी तक्रार केली. "तुमच्या त्या काशीबाईला काय झालंय कोण जाणे. मोठ्या पाटीत एक लहान पाटी असते, वर केळीचं पान. आत सरंगे, कोलंबी, सगळा निवडक माल. मागितलं तर देत नाही. काल दुप्पट पैसे सांगितले तर माझ्यावरच खेकसली, म्हणे ही विकायची नाय. बरं, रोज असते म्हणावं तर तसंही नाही. एक दिवस असते, एक दिवस नसते."

कारकुनाचा जात्याच चौकस स्वभाव. दुसऱ्या खेपेला हेरंबने काशीबाईला विचारलंच. आधी तिने उडवून लावलं. तो हटेना तेव्हा म्हणाली, "मंजुळेची हाय ती."

मंजुळा म्हणजे शिवाची बायको. शिवा हा लहू-धर्माच्या होडीवरचा खलाशी, सात वर्षांपूर्वी वादळात होडीवरून पडला तो सापडलाच नाही. त्यांच्या वाड्यात रीत अशी की, खलाशी होडीवरून बुडाला तर ती होडी पाण्यात आहे तोवर त्याचा वाटा त्याच्या बायकोला जातो. तो वाटा द्यायचा मालकांनी, आपापल्या ढिगातून. दुसऱ्या खलाशांच्या पोटाला चिमटा काढायचा नाही. इथे मालक दोघे, म्हणून लहू आणि धर्माने पाळ्या लावल्या: एक दिवस लहूची पाटी, एक दिवस धर्माची. मंजुळा पुढे चिंचपोकळीला भावाच्या खोलीवर राहायला गेली आणि तीच मासळी तिथल्या गिरणीवाल्यांच्या चाळींत विकून पोट भरू लागली.

"पण तुझा ढीग तर बंद झाला," हेरंब म्हणाला. "मग तू कुठून देतेस?"

"विकत घेतंय, तशी देतंय. धर्माचे दिवशी ती माहीमला येऊन त्याची पाटी नेते. लहूचे दिवशी मी चिंचपोकळीला जाऊन पोचवतंय. पावसात सुके बोंबील देतंय."

"दोन वर्षं?"

"मग? लहू मेला म्हणून त्याची पाळी मेली काय?"

हेरंब तिच्याकडे बघतच राहिला. स्वतःच्या पोटाची मारामार, गळ्यातली माळ मोडलेली, आणि ही बाई जी होडी तिची नाहीच असं लोक म्हणत होते, त्या होडीचं मालकाचं कर्तव्य दिवसाआड गिरगावातून चिंचपोकळीपर्यंत पायी चालत पोचवत होती. त्याला भरून आलं. त्या क्षणापासून त्याच्या तोंडून 'अगं' जाऊन 'अहो' आलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मग एकदम त्याच्या डोक्यात कारकून जागा झाला.

"काशीबाई, अहो, हाच तर पुरावा! मंजुळेला साक्षीला बोलवा. खलाशाची बायको दुसऱ्या खलाशाच्या बायकोला कशाला पोसेल? मालकाचीच पाळी असते. एवढं ती कोर्टात बोलली की दावा आपला!"

काशीबाईचा चेहरा कठीण झाला. "नाय."

"नाय काय?"

"ती माझे बाजूने बोलली की धर्मा त्याची पाटी बंद करील. मग तिने एक दिवस खायचं आणि एक दिवस उपाशी राहायचं काय? आणि मी देतंय हे त्याला कळलं तरी तेच. म्हणेल, काशी देतेय ना, मग मी कशाला देऊ. म्हणून तर मंजुळेला पण सांगून ठेवलंय, वाड्यात बोलू नको. माझी होडी गेली तर जाऊ दे, भाऊ. तिची पाटी जाता नये." मग तिने दरडावलं, "आणि हे अहो-जाहो काय लावलंस? मी काय मड्डम हाय?"

हेरंबने खूप समजावलं. दोन वर्षांचा दावा, मोडलेली माळ, लहूचं नाव, सगळं पुढे मांडलं. लहूच्या नावापाशी तिचे डोळे भरले, पण मान हलली नाही. उलट तिने त्याला देवीची शपथ घालून वचन घेतलं की मंजुळेला कोर्टात ओढायचं नाही आणि बॅरिस्टरांच्या कानावर यातलं अक्षर घालायचं नाही. हेरंबच्या जिवाची नुसती तगमग झाली. दावा जिंकायची किल्ली खिशात, आणि खिशाला हात लावायची बंदी!

अठराशे पंचाण्णवच्या माघात दावा उभा राहिला. वर पंखा हलतोय, समोर गोरा न्यायाधीश, बाजूला दुभाषी. काशीबाई हिरवं लुगडं नेसून, ताठ मानेने पिंजऱ्यात उभी राहिली. धर्माच्या वकिलाने बंदरकचेरीचा कागद फडकवला.

"यात तुझ्या नवऱ्याचं नाव आहे?"

"नाय."

"नवऱ्याला मासळीचा वाटा मिळायचा. खलाशांनाही मिळायचा. मग तुझा नवरा आणि खलाशी यांत फरक काय?"

फरक तिच्या तोंडात होता, केळीच्या पानाखाली झाकलेला. मागे बसलेला हेरंब मनातल्या मनात ओरडत होता, बोल, बाई, बोल! ती बोलली ते एवढंच, "होडी फुटली तर खलाशी दुसरे होडीवर जातो. लहू गेला नसता." दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीशाने लिहून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. साक्षीदार कोण, विचारलं, तर कोणीच नाही. बॅरिस्टर शरच्चंद्र मागे वळून हेरंबला हळूच म्हणाले, "आटोपलं म्हणा."

मग धर्मा पिंजऱ्यात आला. नवी लाल टोपी, कानात सोन्याची भिकबाळी. होडी माझी, जाळी माझी, लहू माझा नोकर, सगळं पाठ केल्यासारखं घडाघडा बोलला. शरच्चंद्रांनी इकडून तिकडून प्रश्न विचारून पाहिले, धर्मा कुठे सापडेना. शेवटी ते चिडले. "म्हणजे मित्र मेला आणि तू त्याच्या विधवेच्या तोंडचा घास काढून घेतलास!"

धर्माला हे लागलं. मघापासून थंड असलेला माणूस एकदम भडकला. "मी विधवेचा घास काढणारा? साहेब, माझे होडीवरचा खलाशी बुडाला, सात वर्षं झाली, त्याचे बायकोला आजवर पाटी देतंय मी! इचारा कोणालाही माहीमात! एक पाळी चुकवली नाय!"

हेरंबने कान टवकारले. मंजुळेचा विषय त्याने काढला नव्हता, काशीबाईने काढला नव्हता. धर्माने, मोठेपणा मिरवायला, स्वतःच्या तोंडाने काढला होता! आपलं वचन कुठे मोडतं का, हे त्या कारकुनाने पापणी लवायच्या आत सतरा वेळा तपासलं असेल. मग कागदाच्या तुकड्यावर चार शब्द खरडले आणि बॅरिस्टरांच्या हातात सरकवले: 'पाटी रोज देतो का?'

शरच्चंद्रांना काही अर्थ लागला नाही, पण विचारायला दुसरं काही उरलंही नव्हतं. "ही पाटी रोज देतोस?"

"रोज नाय. एक दिवस सोडून."

"एक दिवस सोडून का?"

"मधले दिवशी माझी पाळी नसते."

"मग कोणाची असते?"

धर्माने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सात वर्षं जिभेवर बसलेलं नाव ओठापर्यंत येऊन अडकलं. दुभाषी वाट बघत उभा. न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली आणि दुभाष्याकरवी म्हणाला, "साक्षीदाराने उत्तर द्यावं."

"लहूची," धर्मा म्हणाला.

आता मात्र शरच्चंद्रांना धागा सापडला. "पाटी कोण देतं? मालक की खलाशी?"

"मालक."

"लहू मरून अडीच वर्षं झाली. होडी तुझ्या एकट्याची म्हणतोस. मग साऱ्या पाळ्या तुझ्याच नाहीत का? त्या मधल्या दिवसांना तू पाटी का दिली नाहीस?"

धर्माने काशीबाईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर आणखी एक सहज बोलता आलं असतं. पण काही गोष्टींत त्याच्यासारख्या माणसाची जीभ खोट्याला वळतच नाही. "ते दिवस माझे नव्हते, साहेब," तो म्हणाला.

निकाल त्याच आठवड्यात लागला. लहू आणि धर्मा भागीदार होते, लहूच्या मरणाबरोबर भागीदारी संपली, होडी आणि जाळी विकून निम्मे पैसे काशीबाईचे. हेरंबने बाहेरच्या व्हरांड्यात तिला एकेक कलम समजावून सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. तिने एकच विचारलं, "साहेबाने लहूला काय म्हटलं?"

"भागीदार म्हटलं. होडीचा मालक म्हटलं. तसं लिहिलंय इथे."

"लिहिलंय?" तिने त्या कागदावर, नाव असेल असं वाटलं तिथे, बोट टेकलं. आणि मग फणसवाडीला धाकात ठेवणारी ती बाई हायकोर्टाच्या व्हरांड्यात खाली बसली आणि हमसून हमसून रडली. येणारे-जाणारे वकील बघत होते. हेरंबलाही रडू आवरेना. लहू गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी मोकळी झाली होती, असं तिने पुढे कालिंदीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीबाई माहीमला आपल्या दारात मासळी निवडत बसली होती, तो धर्मा आला. टोपी हातात. अंगणात उभाच राहिला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही. "वयनी, होडी लिलावात गेली तर माझी पोरं दुसऱ्यांचे होडीवर खलाशी होतील."

"होतील तर होतील. खलाशी काय वाईट असतो?" काशीबाईने हात न थांबवता म्हटलं. अडीच वर्षांची चीड होती ती, ती काय एका सकाळी जाते?

धर्माने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "होडीचं जाऊ दे. कोर्टात त्या वकिलाने इचारलं तेव्हापासून माझे घशाखाली अन्न उतरत नाय. लहूचे दिवस मी सोडले. म्हटलं, ते माझे नाय. पण मग अडीच वर्षं मंजुळा त्या दिवशी काय खात असंल? मी तिला कधी इचारलं नाय, वयनी. मी मुद्दाम इचारलं नाय. इचारलं असतं तर द्यावी लागली असती."

काशीबाईचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग बाजूची लहान पाटी ओढून तिच्यात दोन सरंगे ठेवले, मूठभर कोलंबी ठेवली, वर पान टाकलं.

धर्मा त्या पाटीकडे बघत राहिला. बोटांवर दिवस मोजू लागला. काल त्याची पाळी होती, म्हणजे आज... तो मटकन खाली बसला. "अडीच वर्षं?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

काशीबाईने पाटीवरचं पान नीट दाबलं. पदर खोचला आणि म्हणाली, "होडी विकायची नाय. विकली की पाण्यातून निघाली, मग मंजुळेला कोण देणार? अर्धी तुझी, अर्धी माझी, चालू दे होती तशी. पण या खेपेला कागद कर. हेरंबभाऊकडे ये, तो लिहील, तू अंगठा दे, मी अंगठा देतंय. आणि लहूचं नाव पहिलं घालायचं."

"घालतंय, वयनी. पहिलं घालतंय." धर्मा डोळे पुसत उठला आणि त्याने त्या लहान पाटीला हात घातला. "दे इकडे, आज मी पोचवतंय."

काशीबाईने त्याचा हात बाजूला सारला आणि पाटी स्वतः उचलली.

"तू उद्या. आज लहूची पाळी हाय."